वाणसामान एकट्याने, भाजी मुलाला घेऊन

घरात दोन ते आठ वर्षांचं मूल असेल, तर बाजारहाटाचे सरळ दोन भाग करावेत. महिन्याचं वाणसामान आणायला मुलाला नेऊ नये. रोजची भाजी, दूध, पाव, कोथिंबीर आणायला मात्र आवर्जून न्यावं. बहुतेक घरांत आज उलटं चालतं. रविवारी सगळं कुटुंब मिळून मोठ्या दुकानात जातं, दीड-दोन तास ट्रॉली ढकलत फिरतं, शेवटी मूल रडतं आणि आईबाप चिडतात. रोजची भाजी मात्र कामावरून येताना कुणीतरी एकटंच घाईघाईने पिशवीत टाकून आणतं. जिथे मुलाला काही करण्यासारखं आहे तिथे ते नसतं आणि जिथे काहीच करण्यासारखं नाही तिथे त्याला तासन् तास थांबावं लागतं.

मोठ्या दुकानातली मांडणी विक्री वाढावी म्हणून केलेली असते. कार्टूनची चित्रं असलेले डबे, गोळ्या, रंगीत पाकिटं हे सगळं मुलाचा हात पोचेल अशा फळ्यांवर लावलेलं असतं. बिलाच्या रांगेजवळ तर चॉकलेटं हमखास असतात. मूल सगळ्यात जास्त कंटाळतं ते तिथेच. दुपारची झोप बुडालेली, पोटात भूक, डोळ्यांवर दिव्यांचा झगझगाट आणि हाताशी चॉकलेट, अशा वेळी तीन वर्षांच्या मुलाने हट्ट केला तर त्यात त्याचा दोष फारसा नाही.

शिवाय महिन्याच्या खरेदीत तुमचं पुरतं लक्ष हवं असतं. किंमत तीच ठेवून पाकिटातला माल कमी करायची पद्धत आता रूढ झाली आहे. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांत ती सर्रास दिसते. म्हणून छापील किंमत बघून भागत नाही, निव्वळ वजन बघावं लागतं. पाकीटबंद वस्तूंवर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापायचा नियम आता आहे. तो आकडा बारीक असतो, पण उपयोगाचा असतो. समजा, 50 ग्रॅमचा पुडा दहा रुपयांना आहे आणि 200 ग्रॅमचा छत्तीसला. तर पहिल्याचा भाव ग्रॅममागे वीस पैसे पडतो आणि दुसऱ्याचा अठरा. कधीकधी मोठा पुडाच महाग पडतो, तेही याच आकड्यावरून कळतं. शिवाय 'एकावर एक फुकट' असलेल्या वस्तूची मुदत संपत आलेली आहे का, तेही बघायला हवं. कडेवर रडणारं मूल घेऊन हे कुणालाही जमणार नाही.

तेव्हा वाणसामानासाठी घरातल्या एकाने एकट्याने जावं, किंवा जाऊच नये. गल्लीतला किराणावाला वर्षानुवर्षं यादीवरून सामान घरपोच देत आला आहे. आता यादी फोनवर पाठवली की झालं. यादीचा कागद स्वयंपाकघरात टांगून ठेवावा आणि डबा रिकामा होत आला की त्याच क्षणी लिहावं. महिनाअखेरीला बसून आठवत केलेल्या यादीत हिंग आणि मोहरी हमखास राहून जातात. घरात सांभाळायला कुणी नाही आणि मुलाला नेणं भागच आहे, असंही होतं. अशा वेळी दुकान उघडतं त्या सुमारास जावं, महिन्याचे पहिले चार-पाच दिवस आणि रविवारची संध्याकाळ टाळावी, मुलाला खाऊ-पिऊ घालून आणि शू करवून न्यावं. ट्रॉलीत मुलाला उभं करू नये. जिन्नस घ्यायला ते बाहेर झुकतं आणि खाली फरशी असते.

आता भाजीबद्दल. पुण्याची महात्मा फुले मंडई असो, दादरची भाजीगल्ली असो, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की गावचा आठवडी बाजार, इथे मुलाला हात लावता येतो, वास घेता येतो, आणि समोर बोलणारं माणूस बसलेलं असतं. भाजीवाल्या मावशी मुलाला ओळखायला लागतात. 'आज आजी नाही आली का?' असं विचारतात. मोठ्या दुकानात मुलाशी असं कुणी बोलत नाही.

टोमॅटोचं उदाहरण घ्या. पाच वर्षांच्या मुलाला पाटीसमोर उभं करा आणि सांगा, आठ टोमॅटो निवड. पाच लाल, उद्या-परवासाठी तीन जरा कच्चे. बोटाने दाबायचं नाही, तळहातावर घेऊन बघायचं. देठाजवळ काळं असेल किंवा साल फुटलेली असेल तर बाजूला ठेवायचं. मूल पहिला टोमॅटो फिरवून फिरवून बघतं, खाली ठेवतं, दुसरा उचलतं. मावशींना आधी सांगितलेलं असलं की त्याही सबुरीने घेतात. मग टोमॅटो काट्यावर जातात. अर्धा किलो सांगितलं होतं आणि आठ टोमॅटोंचं वजन जास्त भरलं, की दोन काढायचे की जास्तीचे पैसे द्यायचे, हा हिशेब मुलासमोर मोठ्याने करा. पाव, अर्धा, पाऊण हे शाळेत फळ्यावर येण्याआधी काट्यावर पाहिलेलं असलं, तर पुढे अपूर्णांकांची भीती वाटत नाही.

वयाप्रमाणे काम द्यावं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाने लिंबं मोजून पिशवीत टाकावीत. मोजणी चुकली तरी चालेल. चार वर्षांच्या मुलाला चित्रांची यादी काढून द्यावी: एक गाजर, एक काकडी, एक कोथिंबिरीची जुडी. वाचायला लागलेल्या मुलाच्या हाती खरी यादी द्यावी आणि 'आता काय राहिलं?' असं त्यालाच विचारावं. यादी पाच-सहा जिनसांच्या वर नको. अर्ध्या तासात घरी परतता येईल एवढाच बाजार करावा. मुलाला त्याची स्वतःची छोटी कापडी पिशवी द्यावी. जुन्या साडीच्या तुकड्याची घरी शिवलेली असली तर उत्तमच. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. ज्या मुलाने पहिल्यापासून कापडी पिशवी उचलली, त्याला पुढे ती घे म्हणून सांगावं लागत नाही.

ऋतूची ओळखही इथेच होते. मटार थंडीत स्वस्त होतो, कैरी उन्हाळ्यात येते, पावसाळ्यात टाकळा आणि कर्टुली चार दिवस दिसतात आणि जातात, हे पुस्तकातून शिकवून शिकलं जात नाही. दर खेपेला मुलाने एक अनोळखी भाजी निवडावी, असा नेम ठेवून बघा. पडवळ असेल, नवलकोल असेल, घोसाळं असेल. स्वतः निवडून आणलेली, स्वतः सोललेली भाजी मूल निदान चाखून तरी बघतं. पण नाही आवडली तर आग्रह करू नये. आग्रह केला तर पुढच्या खेपेला नेम मोडतो.

भाजीपुरते तरी रोख पैसे द्यावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. फोन समोर धरला, टुंग वाजलं आणि वस्तू पिशवीत आली, यात मुलाला काहीच दिसत नाही. पैसे कमी झाल्याचं त्याला कळणार कसं? शंभराची नोट मुलाच्या हातून द्यावी, सुट्टे परत आले की त्यानेच मोजावेत, उरलेल्यात काय येईल ते त्यालाच विचारावं. 'आपल्याकडे चाळीस रुपये उरलेत, त्यात पालक घेऊ की मेथी?' अशा प्रश्नातून मुलाला कळतं की एक घेतलं तर दुसरं राहतं. दहा मिनिटांत दारात सामान आणून देणाऱ्या ॲपवर सगळा बाजार चालणाऱ्या घरात तर हे जास्तच गरजेचं आहे. तिथे मुलाला वाट बघणंही माहीत राहत नाही.

हट्टाची तयारी घरातून निघतानाच करावी. चप्पल घालताना सांगावं, 'आज भाजी आणि पाव घ्यायचेत. खाऊ आज नाही.' किंवा 'आज एक खाऊ, तू निवडायचा, दहा रुपयांपर्यंत.' यातलं जे ठरलं ते तिथे बदलायचं नाही. आई नाही म्हणाली आणि बाबांनी हळूच घेऊन दिलं, किंवा आजोबा 'जाऊ दे गं, लहान आहे' म्हणाले, तर मूल पुढच्या वेळी आणखी जोरात रडेल, कारण रडण्याने मिळतं हे त्याला कळलेलं असतं. आजी-आजोबांशी हे आधी, मुलाच्या माघारी, मानाने बोलून घ्यावं. त्यांना खाऊ द्यायचाच असतो. मग तो बाजारात न देता घरी आल्यावर द्यावा. 'उद्या घेऊ' हे खोटं आश्वासन तर अजिबात नको. मूल विसरेल असं आपल्याला वाटतं, पण ते विसरत नाही.

आणि तरीही ते जमिनीवर बसून रडायला लागलं, तर? त्याला उचलून कडेला न्यावं, शेजारी खाली बसावं, एकदाच शांतपणे सांगावं: 'तुला ते हवं होतं, मला कळलं. आज घ्यायचं नाही.' मग थांबावं. समजावणीचं भाषण तेव्हा मुलाच्या कानात शिरत नाही. रडणं थांबेना तर घेतलेली भाजी मावशींकडे ठेवून घरी जावं. भाजीवाचून एक दिवस पिठल्यावर निघतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. 'रडलास तर पोलीस धरून नेतील', 'ते दुकानवाले काका ओरडतील', 'तुला इथेच सोडून जाते' असं बोलू नये. गर्दीत चुकलेल्या मुलाने मदत मागायची कुणाकडे? त्याच पोलिसाकडे, त्याच दुकानदाराकडे. त्यांचीच भीती घातलेली असेल तर मूल त्यांच्यापासून लपेल. उलट मंडईत शिरताना दाखवून ठेवावं, 'मी दिसले नाही तर जिथे आहेस तिथेच उभं राहायचं आणि कुठल्याही दुकानात आत बसलेल्या मावशींना किंवा काकांना सांगायचं.' स्वतःचं पूर्ण नाव, आईबाबांचं पूर्ण नाव आणि एक फोन नंबर चार-पाच वर्षांच्या मुलाला पाठ होतो. त्याहून लहान असेल तर नंबराची चिठ्ठी आतल्या खिशात ठेवावी. नाव बाहेरून दिसेल असं लावू नये. नावाने हाक मारणाऱ्या परक्याच्या मागे मूल सहज जातं. कुणाचंही हरवलेलं मूल दिसलं तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बाजारात प्रेमापोटी घडणारी एक गोष्ट धोक्याची असते. किराणावाला मुलाच्या मुठीत चार शेंगदाणे किंवा फुटाणे ठेवतो. मूल ते तोंडात टाकून धावतं, हसतं, ठेचकाळतं, आणि दाणा श्वासनलिकेत जातो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ कळकळीने सांगतात ते याचसाठी. द्राक्षंसुद्धा उभी चिरून द्यावीत. दुकानदाराला नाराज न करता सांगता येतं, 'काका, पिशवीत टाका, घरी कुटून देते.' मूल खोकून खोकून हैराण झालं किंवा अचानक घरघर लागली, तर 'पाणी पाज, बरं वाटेल' म्हणत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा.

जत्रेतल्या आणि फुटपाथवरच्या खेळण्यांबाबतही सावध असावं. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दिवे लागणाऱ्या, आवाज करणाऱ्या स्वस्त खेळण्यांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. तिचं झाकण स्क्रूने बंद केलेलं नसेल तर ते खेळणं घेऊ नये. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

खाऊचं पाकीट घ्यायचं असेल तेव्हा ते मुलाबरोबर वाचावं. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाचा, तपकिरी त्रिकोण मांसाहारी पदार्थाचा, हे शोधायला लहान मुलांना फार आवडतं. वाचता येणाऱ्या मुलाला त्यापुढचं दाखवावं. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. समोर मोठ्या अक्षरांत 'नाचणी' लिहिलेलं बिस्कीट घ्या आणि पाठीमागे बघा. पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी पार शेवटी असेल, तर ते मैद्याचंच बिस्कीट आहे. साखर 100 ग्रॅममध्ये किती ते तक्त्यात असतं. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा धरावा. 24 ग्रॅम लिहिलं असेल तर वाटीत सहा चमचे साखर काढून मुलाला दाखवावी. दुधात घालायच्या पावडरींचंही असंच आहे. 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच अन्नसुरक्षा कायद्यात सांगितलेला नाही, आणि 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली दाखवू नका असं बजावलं होतं. दोन वर्षांखालच्या बाळाला तर वरची साखर नकोच, आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, मग घरात कितीही जुनी रीत असो.

स्कूटरवरून बाजाराला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, पुढे उभं मूल, मागे आई, हे चित्र आपल्या इतकं ओळखीचं झालंय की त्यात काही खटकत नाही. पण 15 फेब्रुवारी 2023 पासूनचा नियम असा आहे की चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. चार वर्षांच्या पुढे हेल्मेट सगळ्यांनाच लागतं. पिशव्यांनी हँडल अडत असेल तर एक फेरी जास्त मारावी किंवा रिक्षा करावी. भाजीवर वाचवलेले वीस रुपये इथे खर्च झालेले चांगले.

घरी आल्यावर काम निम्मंच झालेलं असतं. सगळ्यात आधी फिनेल, डांबरगोळ्या, टॉयलेट साफ करायची बाटली, डासांचं औषध या वस्तू पिशवीतून काढून उंचावर ठेवाव्यात. मुलं पिशव्या उपसायला आपल्या आधी पोचतात. डांबरगोळी मुलाला पेपरमिंटच वाटते. सुटं फिनेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय कुणाच्या घरी असेल तर ती आजच सोडावी. मग मुलाला बसवून भाज्या वेगळ्या करायला द्याव्यात. मेथीची पानं खुडणं, मटार सोलणं, गवारीची टोकं मोडणं ही कामं मूल मन लावून करतं. मटाराच्या वेळी शेजारी बसावं, कारण दाणा नाकात घालून बघायचा मोह लहान मुलांना होतो. नाकात गेलाच तर चिमट्याने कोरू नये. तो आणखी आत जातो.

कपडे आणि चपला-बुटांची खरेदी वेगळ्या दिवशी करावी, भाजीला जोडून नको. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगलेले असतात. दोन्ही पायांत घालून, उभं करून, पुढे अंगठ्याएवढी जागा आहे का ते बघावं. 'वर्षभर चालतील' म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतले की मूल अडखळतं. कपडे वाढत्या अंगाचे घेतले तर हरकत नाही; बुटांना तो न्याय लावू नये. मूल बरोबर नसेल तर त्याच्या पावलाचा कागदावर छाप काढून न्यावा.

बिलावर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले असतील तर ते मुलासमोर, आवाज न चढवता, दाखवून द्यावेत. दुकानदाराने ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. तसंच चुकून जास्त सुट्टे आपल्याकडे आले, तर तेही मुलाच्याच हातून परत द्यावेत.

शेवटची विनंती आईबापांना नाही, इतर सगळ्यांना आहे. दुकानात पुढे एखादं पोर मूठ उघडून नाणी मोजत असेल, एक रुपया की दोन यात अडलं असेल, तर मागून 'अहो, आटपा' म्हणू नका. त्याच्या आईला घाई करायला लावू नका, पुढे हात घालून आपले पैसे देऊ नका. दुकानदारांनीही उरलेले पैसे त्याच्याच हातात ठेवावेत आणि त्याला मोजू द्यावेत. त्याला फार तर एखादं मिनिट जास्त लागेल.